‘अश्लील’ हा शिक्का कोण मारतो? प्रेमकथा, शृंगारकथा आणि आपण

चळवळीतल्या तरुणांमध्ये एक प्रश्न हल्ली दबक्या आवाजात विचारला जातो. प्रेमकथा आणि शृंगारकथा लिहून, त्यांचे संपादन करून पोट भरणारा माणूस स्वतःला आंबेडकरी म्हणवून घेऊ शकतो का? मोबाईलवरच्या ॲपसाठी भागाभागाने कथा लिहिणारी, ऑडिओ मालिकांच्या संहिता तपासणारी आपली शिकलेली मुले-मुली आज या कामात आहेत. नोकऱ्या नाहीत, शब्दामागे थोडेफार पैसे मिळतात, घरभाडे निघते. पण घरी सांगताना ती ‘कंटेंटचे काम करतो’ एवढेच सांगतात आणि चळवळीच्या बैठकीत तर तेही सांगत नाहीत. कोणाला कळलेच तर टोमणा ठरलेला असतो : बाबासाहेबांनी लेखणी दिली ती यासाठी का?

आम्ही हेच काम करतो. लिहितो, आणि दुसऱ्यांचे लिहिलेले दुरुस्तही करतो. त्यामुळे या टोमण्याला उत्तर देणे आमच्यावर आले आहे. उत्तर आम्ही इतिहासातून देऊ, कारण हा टोमणा मारणाऱ्यांनी आणि तो निमूट ऐकून घेणाऱ्यांनीही इतिहासाकडे पाठ फिरवलेली आहे.

आक्षेप दोन आहेत. पहिला असा की प्रेम, शृंगार हे विषय उथळ आहेत, चळवळीला गंभीर साहित्य हवे. दुसरा असा की आमच्या आयाबहिणींची शरीरे शतकानुशतके याच शृंगाराच्या बाजारात मांडली गेली, आता आमच्याच पोरांनी तो बाजार चालवायचा का? पहिला आक्षेप लवकर निकालात निघतो. दुसरा जड आहे. त्यात आपला इतिहास आणि आपले दुःख आहे.

आधी पहिला. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जातीचा गाभा त्यांनी कशात पाहिला? विटाळात नाही, धंद्यात नाही, तर जातीअंतर्गत विवाहाच्या सक्तीत. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा स्त्री-पुरुषांची संख्या जातीच्या कुंपणात जुळती ठेवण्यासाठी निर्माण झाल्या, अशी त्यांची मांडणी होती. सोप्या शब्दांत सांगायचे तर कोणी कोणावर प्रेम करायचे, कोणाच्या अंथरुणावर कोणी जायचे, याचा कायदा म्हणजे जात. पुढे १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. जातिव्यवस्था ज्या जागी जिवंत राहते, ती जागा प्रेमकथेचा विषय आहे. तिला उथळ म्हणणाऱ्याने जातीचा उगमच उथळ ठरवला. ‘सैराट’ पाहून २०१६ साली सगळा महाराष्ट्र हादरला. त्या सिनेमाचा ढाचा शेवटी एका प्रेमकथेचाच होता ना?

आता दुसऱ्या, जड आक्षेपाकडे येऊ. त्यासाठी आधी मुंबईच्या न्यायालयात जावे लागेल.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावली आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते सोडले नाही. लेखक तेच, संपादक तेच, तोटा सोसणारेही तेच. वाचकांच्या पत्रांना ते लैंगिक विषयांवर उघड उत्तरे देत. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा खटला आला, तो वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर, आणि त्यांच्या सोबत असफ अली असगर फैजी.

क्षणभर थांबून हे चित्र डोळ्यांसमोर आणा. महाडचा सत्याग्रह होऊन सात वर्षे झालेली, पुणे करार होऊन दोन वर्षेही पूर्ण नाहीत. कामाचा डोंगर पडलेला. अशा वेळी एका चित्पावन ब्राह्मण संपादकाचा, ज्याला त्याच्याच समाजाने वाळीत टाकल्यासारखे केले होते, अश्लीलतेचा खटला बाबासाहेबांनी घेतला. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून लिखाण आपोआप अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. वाचकांचे ‘विकृत’ प्रश्न छापायचेच कशाला, अशी शंका आली तेव्हा त्यांनी सांगितले की विकृती असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल. ज्ञानाशिवाय ती जाणार कशी? खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेब त्या भूमिकेवरून हटले नाहीत. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूने ठराव आला, तो त्यांच्याच पक्षाचा होता. म्हणजे शरीर, इच्छा आणि त्यांविषयीचे ज्ञान हे विषय बाबासाहेबांनी कधी अस्पृश्य मानले नाहीत.

पण थांबा, हा अर्धाच इतिहास झाला. तेवढाच सांगून आम्ही मोकळे झालो तर ती लबाडी ठरेल.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रियांपुढे भाषण केले. हा धंदा सोडा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शब्द कठोर होते. पठ्ठे बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेले तमाशाचे पैसे बाबासाहेबांनी नाकारले, ही आठवणही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपल्यातले काही लोक १९३६ चे भाषण पुढे करून म्हणतात की शृंगार हा विषयच वर्ज्य. आणि काही नवे उदारमतवादी १९३४ चा खटला पुढे करून म्हणतात की सगळेच मोकळे सोडा. दोघांनी बाबासाहेबांचा एकेक तुकडा तोडून घेतला आहे. हे दोन्ही प्रसंग एकाच माणसाच्या एकाच विचारातून आलेले आहेत, आणि तो विचार समजून घ्यायचा असेल तर पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या फडाकडे पाहिले पाहिजे.

मराठी शृंगारलेखनाचा धंदा छापखान्यापेक्षा जुना आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात लावणी हा राजाश्रयाचा मोठा व्यवसाय होता. रचणारे सगळ्या जातींचे : राम जोशी आणि प्रभाकर ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. रचणारे जवळपास सगळे पुरुष, आणि लावणीत बोलणारी मात्र बाई. तिची तळमळ, तिचा विरह, तिचे आमंत्रण, सगळे पुरुषाच्या लेखणीतून. नाचणाऱ्या, गाणाऱ्या स्त्रिया मुख्यतः खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावंत स्त्रियांवरच्या आपल्या अभ्यासात हेच दाखवले की त्या काळच्या लावणीने या स्त्रियांचे शरीर एकतर वासना चेतवणारे नाहीतर शमवणारे म्हणून उभे केले आणि पेशवाईतल्या स्त्रियांच्या गुलामगिरीला, त्यांच्या श्रमाच्या लुटीला तेच चित्र उपयोगी पडले.

पुढे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची महार समाजातली पवळा त्यांच्या फडाची नायिका झाली. ब्राह्मण कवीने जात सोडून तमाशात येणे हे धाडसच होते, ते आम्ही नाकारत नाही. पण दोघांच्या वाट्याला काय आले ते बघा. तो जात सोडून आला म्हणून त्याची दंतकथा झाली. ती मात्र जातीमुळेच तिथे होती असे धरले गेले. शब्द त्याचे, म्हणून कवी म्हणून नाव त्याचे. शरीर तिचे, म्हणून बदनामी तिची.

बाबासाहेबांनी नाकारले ते हे. जातीने नेमून दिलेले, जन्माने गळ्यात बांधलेले शृंगाराचे काम. ज्या कामात बाईला ‘नाही’ म्हणायची मुभा नाही आणि ‘हो’ म्हणण्यालाही अर्थ नाही. १९३४ साली त्यांनी बाजू घेतली ती स्वतःच्या शरीराबद्दल जाणून घेण्याच्या, त्यावर स्वतः निर्णय घेण्याच्या हक्काची. १९३६ साली त्यांनी विरोध केला तो हा हक्क हिरावून घेणाऱ्या व्यवस्थेला. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच : या शरीराचा मालक कोण? शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांवर लिहिलेल्या २०२२ च्या ग्रंथात ‘अश्लील’, ‘अस्सल’ आणि ‘माणुसकी’ हे तीन शब्द एकमेकांसमोर ठेवून अभ्यासले आहेत. तो अभ्यास आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. ‘अश्लील’ हा शिक्का वस्तूवर क्वचित पडतो आणि माणसांवर, त्यातही विशिष्ट जातींच्या बायकांवर, नेहमी पडतो, हे त्यातून लख्ख दिसते.

हाच शिक्का छापील मराठी साहित्यात कसा फिरला, तेही पाहू.

ना. सी. फडके हे मराठी प्रेमकादंबरीचे मोठे नाव. कॉलेज, टेनिस, मोटार, चांदणे आणि त्यात प्राध्यापक किंवा कलावंत नायक. जातीचा उल्लेख सहसा नाही, कारण ज्याची जात सर्वत्र गृहीत असते त्याला ती सांगावी लागत नाही. याच फडक्यांनी १९२७ साली भारतातील लैंगिक प्रश्नावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यात सुप्रजननशास्त्राचा पुरस्कार केला. चांगले बीज, चांगली संतती ही त्या शास्त्राची भाषा. बीजशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये घेतला आहे, हे इथे आठवावे. फडक्यांना १९६२ साली पद्मभूषण मिळाले.

त्याच १९६२ च्या दिवाळीत ‘रंभा’ या मासिकाच्या अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा छापून आली. एका कवीच्या आयुष्यातील तीन प्रेमप्रकरणांची ही कथा. काकोडकर लोकप्रिय कादंबरीकार होते, भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून घराघरात वाचले जाणारे, आणि समीक्षकांनी कधी पंक्तीला न घेतलेले. एका गृहस्थांनी तक्रार केली, भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली खटला उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितले. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. गंमत अशी की त्याच वर्षी त्यांच्या ‘निलांबरी’ कादंबरीवरून निघालेला ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा देशभर गर्दी खेचत होता.

या धंद्यातल्या प्रत्येकाने तो निकाल वाचायला हवा. न्यायालय म्हणाले की चार ओळी उचलून चालणार नाही, लिखाण सगळे वाचून ठरवा. काळाबरोबर समाजाची मापे बदलतात हे ध्यानात घ्या. लैंगिक उल्लेख आला म्हणजेच अश्लील, असे धरले तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, कथा वाङ्मयीन दृष्ट्या कमी दर्जाची असली तरी तो गुन्हा होत नाही. अभिरुची कमी असणे आणि गुन्हेगार असणे यांत फरक आहे, हे न्यायालयाला कळले. आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांना ते अजून कळायचे आहे. आज ते कलम भारतीय न्याय संहितेत २९४ या क्रमांकाने आले आहे. तरुण लेखकांनी हा आकडा पाठ ठेवावा.

काकोडकरांचा खटला संपून तीन वर्षे होतात न होतात तोच १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’त राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात दलित स्त्रियांना नग्न करून धिंड काढली गेली होती. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या अब्रूला पन्नास, या हिशेबावर ढाले यांनी जळजळीत भाषेत बोट ठेवले. महाराष्ट्रात वादळ उठले. कशावरून? लेखातल्या भाषेवरून. ज्या प्रसंगाने ती भाषा जन्माला घातली, त्याबद्दल एवढे वादळ उठले नव्हते. त्याच वर्षी ‘पिंजरा’ चित्रपट आला. त्यात तमासगिरीणीच्या नादी लागून आदर्श मास्तर बिघडतो, आणि प्रेक्षक मास्तरासाठी हळहळतो. नेसवलेली लावणी थिएटरात टाळ्या घेते आणि नागवलेल्या बाईची बातमी सांगणारा शिवराळ ठरतो. हा आहे आपल्या सभ्यतेचा तराजू.

आपल्या लेखिकांनी हा तराजू ओळखला होता. उर्मिला पवार यांच्या ‘कवच’ कथेत आई आंबे विकायला बसते. गिऱ्हाईक पुरुष आंब्यांवरून दुहेरी अर्थाचे बोलतात, तिचा लहानगा मुलगा शरमेने चूर होतो आणि आई मात्र त्यांच्याच भाषेत त्यांना गप्प करते. घाण कोणाच्या तोंडात होती? विकणाऱ्या बाईच्या नव्हे. ‘आयदान’मध्ये त्यांनी स्वतःच्या शरीराचे, संसाराचे, इच्छेचे अनुभव कसलाही आडपडदा न ठेवता लिहिले. अण्णाभाऊ साठे यांनीही प्रेमाला विटाळ मानला नाही. ‘वैजयंता’ ही तमाशातल्या बाईची कादंबरी त्यांनी तिच्या बाजूने उभे राहून लिहिली, आणि त्याच लेखणीने ‘फकिरा’ लिहून ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. एका हाताने दोन्ही लिहिता येते, हे अण्णाभाऊंनी करून दाखवले आहे.

आता आमच्या टेबलाकडे या. संपादनासाठी आमच्याकडे ज्या कथा येतात, त्यांत काय असते? नायिका गोरीपान, नायक वाड्यातला, आडनाव जमीनदाराचे. जिच्याशी लग्न होते ती ‘संस्कारी’, जिच्याशी फक्त शय्या होते ती वस्तीतली, मोलकरीण, नाचणारी किंवा काळीसावळी. आणि शृंगाराचे ठरलेले सूत्र म्हणजे बाईचा नकार हा होकारच असतो. हे सूत्र कोठून आले? ज्या गावात पाटलाने बोलावल्यावर महारवाड्यातल्या बाईच्या ‘नाही’ला किंमत नव्हती, त्या गावातून आले. लिहिणाऱ्या पोराला हे माहीतही नसते. तो दहा कथा वाचून अकरावी लिहितो. संपादक हे वाक्य खोडतो तेव्हा तो व्याकरण सुधारत नसतो. नायिकेला स्पष्ट होकार द्यायला लावणे, तिचा नकार आला की नायकाला मागे सरायला लावणे, सावळ्या मुलीला कथेच्या मध्यभागी आणणे, वस्तीतल्या घरातही प्रेमाला एकांत मिळत नाही हे शृंगारकथेत येऊ देणे, ही सगळी कामे लाल पेनाने होतात. लाखो लोक रात्री कानात हेडफोन घालून जे ऐकतात, त्यातून जातीचा कायदा एका ओळीने जरी सैल झाला तरी ते काम चळवळीच्या बाहेरचे कसे?

आणि हे काम आम्ही सोडले तर ते बंद पडणार आहे का? नाही. आमच्या खुर्चीवर दुसरा बसेल आणि ती वाक्ये तशीच पुढे जातील.

शिवाय पोटाचा प्रश्न आहे. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचेही नेते होते, हे विसरू नका. आज लिहिणारा हा मजूर आहे. शब्दावर पैसे, नाव नाही, करारात सगळे हक्क कायमचे कंपनीला. पवळाच्या काळात शरीर एकाचे आणि नाव दुसऱ्याचे होते. आता शब्द एकाचे आणि मालकी दुसऱ्याची. तेव्हा कायदा वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखीच व्हावे लागते आणि कोणते हक्क दिले ते त्यात नमूद असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही आपण लेखक असल्याचा दावा लेखकाकडे राहतो. सही करण्याआधी करार चार जणांना दाखवा. टोपणनाव घ्यायचे असेल तर खुशाल घ्या, पण ते सुरक्षिततेसाठी घ्या, शरमेपोटी नको. विशेषतः आपल्या मुलींना टोपणनाव लागते, कारण त्यांच्या नावानिशी लिहिलेल्या कथेची बदनामी थेट त्यांच्या वस्तीपर्यंत पोचते. तो धोका खरा आहे आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणे चळवळीचे काम आहे.

आम्ही सगळ्या शृंगारलेखनाचे वकीलपत्र घेतलेले नाही. बलात्काराला मजा म्हणून विकणारे, जातीच्या नावाने बाईची विटंबना करणारे, अल्पवयीन मुलांना ओढणारे लिखाण आम्ही नाकारतो, आणि त्यासाठी पैसे नाकारायची वेळ आली तर तेही नाकारावेत असे म्हणतो. त्यासाठी मोजमाप मात्र आपले हवे. किती कपडे उतरले हे मोजण्यापेक्षा असे विचारा : या कथेत कोणाच्या इच्छेला मान आहे? कोणाचे शरीर कोणाच्या चैनीसाठी वापरले आहे, आणि त्या शरीराची जात कोणती? लिहिणाऱ्याला त्याच्या कष्टाचा मोबदला आणि नाव मिळते का? हे तीन प्रश्न लावल्यावर कितीतरी ‘संस्कारी’ कादंबऱ्या नापास होतील आणि ॲपवरची एखादी साधी प्रेमकथा पास होईल.

तेव्हा पुढच्या बैठकीत एखाद्या पोरीने सांगितले की ती प्रेमकथा लिहून कॉलेजची फी भरते, तर माना खाली घालू नका. तिला विचारा, तुझी नायिका ‘नाही’ म्हणू शकते का? आणि तुझ्या करारात काय लिहिले आहे?

जय भीम!